ब्लॉकवरचे टाके

दामिनीनं पितळी पाटीवर बॅटरीचा झोत धरला, मान तिरपी केली, चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा नाकावर आणला आणि जरा अवघडूनच विचारलं, "काका, ह्यावरचा नंबर कुठं गेला?"

पाटी जागच्या जागी होती. बॉनेटखाली, कंपनीनं १९५२ साली जिथं ठोकली तिथंच. लखलखीतही होती, इतकी की पोरीला तिच्यात स्वतःचं नाक दिसत होतं. फक्त तिच्यावर एकही आकडा शिल्लक नव्हता.

कारण नागप्पांना माहीत होतं. दसरा होऊन आठच दिवस झाले होते. खंडेनवमीला या घरात तराजू, मापं, डाळमिलच्या मोटारी आणि सगळ्यात शेवटी तांबडी, अशा क्रमानं पूजा चालायची. तांबडी म्हणजे ही दोन सीटांची, छप्पर मागं पडणारी एमजी गाडी. अप्पांचा, म्हणजे वडील वीरण्णा सावकारांचा नेम असा, की गाडीवरचं पितळ देवाच्या पितळेसारखंच उजळायचं. आधी चिंच, मग विभूती, मग कोरडं फडकं. ते गेल्यावर नागप्पांनी तो नेम चालवला. साठाच्या वर दसरे झाले. समया आणि घंटा तेवढ्याच चिंचेला पुरून उरल्या, कारण त्यांच्यावर वाचायचं काही नव्हतं. पाटीवरचं इंग्रजीही घरात कुणी वाचत नव्हतं, म्हणून ते गेलेलं कळलंही नाही.

ऐकून दामिनी हसली. पुण्याहून ती जुन्या गाड्या तपासायलाच आली होती आणि या धंद्यात तिनं नंबर खोडलेल्या पुष्कळ पाट्या पाहिल्या होत्या. कानशीनं घासलेल्या, तेजाबानं जाळलेल्या, नव्यानं ठोकलेल्या. पूजा करून पुसलेली ही पहिलीच, असं ती म्हणाली. मल्लेशला मात्र हसू आलं नाही.

मल्लेश हा नागप्पांचा धाकटा भाऊ. पुण्यात फ्लॅट बांधून विकतो. तांबडीला गिऱ्हाईक त्यानंच शोधलं होतं आणि गिऱ्हाइकाची अट एकच होती, दामिनीचा दाखला. इंग्लंडमधल्या जुन्या नोंदीचा उतारा तिनं आधीच मागवून घेतला होता. त्यात या गाडीचा चेसी नंबर, इंजिन नंबर, मूळ रंग, कारखान्यातून निघाल्याची तारीख असं सगळं होतं. कागदावर जे आहे तेच गाडीत आहे का, एवढं तिला बघायचं होतं. जुळलं तर सोनं, न जुळलं तर शोभेचं खेळणं, असं मल्लेशनं फोनवर तीनदा सांगितलं होतं.

डाळमिलच्या गोडाऊनमध्ये तुरीच्या पोत्यांची थप्पी बाजूला सारून गाडी मोकळ्या जागेत घेतली होती. एका पोत्यावर अंबिका बसली होती, हाताची घडी घालून. नागप्पांची ही बहीण नांदेडला दिलेली, शाळेतून निवृत्त झालेली, आणि गाडी विकायची भाषा कानावर पडताच पहाटेच्या बसनं लातूरला थडकलेली. तिचं म्हणणं सरळ होतं. ज्या गाडीच्या स्टेपनीला अप्पा अर्धापूरच्या केळीचे घड बांधून आणायचे, ज्या गाडीत मागच्या बोचक्याच्या जागेत तिघं भावंडं कोंबडीच्या पिलांसारखी बसायची, ती गाडी पुण्याच्या कुणा माणसानं काचेच्या खोलीत ठेवायची, हे तिला पटत नव्हतं.

"दहा वर्षं झाली, चालू तरी केली का कुणी?" मल्लेश म्हणाला.

"देव चालू करत असतात का रे?"

त्यावर नागप्पा हसले, पण त्यांचं लक्ष बॉनेटकडंच होतं. दामिनी आता इंजिनाकडं वाकली होती.

लातूरच्या आडत बाजारात नागप्पांच्या शब्दाला मोल होतं. मालावरून दोन व्यापाऱ्यांची जुंपली की कुणीतरी म्हणायचंच, कोर्टात कशाला जाता, नागप्पा काय म्हणतात ते बघा. त्रेसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यांनी हीच एक गोष्ट कमावली असं ते स्वतः म्हणत. आणि त्यांचा एक शब्द साफ खोटा होता, तो या बॉनेटखाली होता.

ब्याऐंशी सालची गोष्ट. नागप्पा तेव्हा वीस वर्षांचे. उदगीरची गौरम्मा त्यांना सांगून आली होती. मुलगी बघायचा कार्यक्रम अजून व्हायचा होता, पण नवरदेवाला दम कुठला? अप्पा सोलापूरला गेले, ती संधी साधून पठ्ठ्यानं तांबडी काढली, उदगीर गाठलं आणि गौरम्माच्या घरावरून तीन चकरा मारल्या. परत येताना नळेगावच्या अलीकडं बॉनेटमधून वाफ निघाली. भर चैत्रातलं ऊन. नागप्पांनी शेजारच्या विहिरीवरून घागरभर गार पाणी आणलं आणि तापल्या इंजिनात तसंच ओतलं. आतून तड असा आवाज आला, चुलीवरचं मडकं तडकावं तसा. रखडत रखडत त्यांनी गाडी घरी आणली, ताडपत्री घातली आणि तोंड शिवून बसले.

मग गाडी नांदेडला चांदपाशांच्या गॅरेजात गेली. चांदपाशा या गाडीबरोबरच या घरात आले होते. हैदराबादच्या ज्या जहागीरदाराकडून अप्पांनी एकसष्ट साली गाडी घेतली, त्याच्याकडं सतरा वर्षांचा हा मुलगा गाडी पुसायचा. गाडीला हाच लागेल म्हणून अप्पांनी त्यालाही आणलं. ड्रायव्हर झाला, मिस्त्री झाला, पुढं नांदेडला स्वतःचं गॅरेज टाकलं. नागप्पांना गाडी शिकवली ती त्यानंच.

आठ महिन्यांनी, दिवाळीला तांबडी परत आली तेव्हा तिचा आवाज बदललेला होता. घर पाहुण्यांनी भरलेलं. चांदपाशा आता सांगणार, ब्लॉक म्हणजे इंजिनाचा ओतीव सांगाडा कुणी तडकवला ते सगळ्यांपुढं सांगणार, या धास्तीनं नागप्पांनी आपणच आधी तोंड उघडलं. म्हणाले, अप्पा, हे आपलं इंजिन न्हाई, चांदमामूंनी आपलं काढून विकलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. चांदपाशा काही बोलले नाहीत. अप्पाही बोलले नाहीत. चांदपाशांनी किल्ली पायरीवर ठेवली आणि गेले, ते त्या दिवसानंतर या घराकडं फिरकले नाहीत. अप्पांनीही पुन्हा तांबडी चालवली नाही. खोटं इंजिन म्हणून अप्पांचं मन उडालं, असं घरात सगळे म्हणत आले, आणि वर्षं लोटली तसे नागप्पाही त्यावर अर्धाअधिक विश्वास ठेवू लागले. आवाज बदलला होता हे तर खरंच होतं ना!

"चेसी नंबर फ्रेमवर ठोकलेला असतो, डाव्या बाजूला पुढं," दामिनी गाडीखालून म्हणाली. "पण इथं काहीतरी जोडकाम केलंय आणि वर रंगाचे पाच-सहा थर आहेत. आंधळ्यासारखं खरवडलं तर आकडेच जातील. काम कुणी केलंय?"

"चांदमामूंनी," अंबिका म्हणाली. "हायेत अजून. एक्क्याऐंशी वर्षांचे."

नागप्पा पटकन म्हणाले, नको. माणूस थकला असेल, प्रवास झेपायचा नाही, आणि ज्यानं घराला फसवलं त्यालाच साक्षीला बोलवायचं हे काही शोभत नाही. बोलताना आपला आवाज चढलाय हे त्यांना उशिरा कळलं.

इथं एक मजा झाली. सकाळपासून एकमेकांना पाण्यात पाहणारी बहीण आणि धाकटा भाऊ एका बाजूला झाले. मल्लेशला दाखला हवा होता, अंबिकाला चांदमामू. त्यानं नंबर विचारला, हिनं फोन लावला. पलीकडं नात सुमय्या होती. आजोबांना विचारून सांगते म्हणाली आणि पाच मिनिटांत तिचा उलटा फोन आला. उद्या सकाळी घेऊन येते.

दिवेलागणीला नागप्पा देवघरातून बाहेर आले तेव्हा गौरम्मा ज्वारीचं पीठ चाळत होत्या. बेचाळीस वर्षांच्या संसारात या बाईनं नवऱ्याला उलट प्रश्न फार थोडे विचारले होते. जे विचारले ते मात्र असे, की उत्तराला पळवाट नसायची.

"मामू येतेत म्हणं."

"येतेत."

"बरं झालं." चाळणी थांबली नाही. "मी त्या दिवशी खिडकीत होते. लग्नाच्या आधी. तांबडी तीनदा गेली दारावरून."

नागप्पा पाटावर बसले. त्यांना आठवत होतं त्याप्रमाणं खिडक्या सगळ्या बंद होत्या.

"तिसऱ्यांदा गेलाव तवाच तिच्यातनं धूर निघायलता," गौरम्मा म्हणाल्या. "मी कुणाला बोलले न्हाई. दिवाळीला इंजिनाचं ते झालं, म्हणून लग्नात बाया कुजबुजायल्या, तवा मला समजलं. नवी नवरी मी, काय बोलणार? पुढं लेकरं झाली, मग बोलायचं राहूनच गेलं."

एवढं बोलून त्यांनी पिठाची परात उचलली आणि आत गेल्या. नागप्पांना वाटलं होतं की ही गोष्ट जगात एकट्यालाच माहीत आहे. शेजारच्या उशीवर झोपणाऱ्या बाईनं ती इतकी वर्षं सांभाळली, हे ऐकून त्यांना आधी राग आला, मग लाज वाटली, आणि त्या दोन्हींमध्ये जेवण काही गेलं नाही.

सकाळी अकराच्या सुमाराला सुमय्याची पांढरी गाडी मिलच्या फाटकात शिरली. चांदपाशा उतरले. नागप्पांच्या डोळ्यांपुढं होता तो पिळदार दंडाचा, बाह्या दुमडलेला माणूस. हा तर काठी टेकत आलेला, दाढी पांढरीफेक, पण कपडे कडक इस्त्रीचे. अंबिकाला बघून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मल्लेशला ओळखायला वेळ लागला. नागप्पांना त्यांनी सलाम केला, ना जास्त ना कमी, आणि ते गाडीकडं वळले.

गाडीजवळ गेल्यावर मात्र म्हातारा बदलला. बॉनेटवर तळहात ठेवून बराच वेळ उभा राहिला. मग आरशाची कडा चाचपली, दाराच्या कडीला एक झटका दिला, मैलांत आकडे असलेल्या स्पीडोमीटरची काच रुमालानं पुसली.

"रंग तिसरा हाय हा," दामिनीला म्हणाले. "खाली मरून हाय, त्याच्या खाली कंपनीचा. रॉकेल आणा थोडं. कानस नक्को, हां बेटी. चिंधी आन् रॉकेल."

रॉकेल हल्ली मिळतं कुठं? मल्लेशनं मिलमधून डिझेल आणवलं. चांदपाशांना खाली बसता येईना, म्हणून तुरीचं पोतं आडवं टाकून दिलं. त्यावर बसून ते सांगत राहिले आणि दामिनी गाडीखाली झोपून करत राहिली. पुढच्या नंबरपाटीसाठी आपण लोखंडी पट्टी जोडली होती, पण आकडे झाकू नयेत म्हणून ती बोटभर मागं घेतली होती. तिच्या पुढच्या टोकाला बघ, असं त्यांनी सांगितलं. अर्ध्या तासानं रंग सुटला. दामिनीनं आकडे एकेक करून मोठ्यानं वाचले, मल्लेशनं मोबाइलवरचा उतारा धरला. टी, डी, आणि पुढचे सगळे आकडे. जुळले.

मल्लेशनं टाळी वाजवली. अंबिकाचा चेहरा उतरला, कारण जुळले म्हणजे गाडी गेली.

"आता इंजिन," दामिनी म्हणाली. अष्टकोनी छोटी पाटी इंजिनावर होती, तिला कधी चिंच लागली नव्हती आणि तिच्यावरचा आकडाही उताऱ्याशी जुळत होता. "पण ही पाटी दोन रिव्हेटांवर असते. एका इंजिनावरची काढून दुसऱ्याला लावता येते. मल्लेश सरांनी मला आधीच सांगितलंय की घरातले म्हणतात इंजिन बदललेलं आहे. मला ते तपासावं लागेल. चाचा, तुम्हाला राग येणार नाही ना?"

मल्लेश मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. नागप्पा खांबाला टेकून उभे होते, त्यांनी खांब घट्ट धरला.

"राग कशाचा," चांदपाशा म्हणाले. "आरसा हाय ना तुझ्यापाशी, दाताच्या डॉक्टरचा असतो तसला? सायलेन्सरच्या खालून घाल. ब्लॉकच्या अंगावर बघ, पाणी खेळतं तिथं. रंग जरासा काढ."

दामिनीनं आरसा घातला, बॅटरी धरली, चिंधीनं पुसलं. पुन्हा पुसलं. मग आरसा आणखी आत सरकवला.

"काय आहे?" मल्लेशनं विचारलं.

"ब्लॉकला टाके आहेत," ती म्हणाली. आवाजच वेगळा झाला होता तिचा. "वीतभर चीर आहे, आणि तिच्यावर एकाला एक लागून लोखंडाच्या गुल्ल्या बसवल्यात. हातानं. चाचा, हे तुम्ही केलंत? गरम न करता?"

"गरम केलं तर बिडाचं लोखंड अजून तडकतं." चांदपाशांनी काठी दोन्ही हातांत धरली. त्या आठ महिन्यांबद्दल ते सावकाश बोलले. तसलं इंजिन देशात कुठं मिळेना. सावकार म्हणाले, अँबेसेडरचं टाक, सगळेच टाकतात. पण हे इंजिन काढून दुसरं घालायचं म्हणजे या गाडीत उरलं काय, असं त्यांना वाटलं. मग चिरेवर भोक पाडायचं, आटे पाडायचे, गुल्ली फिरवायची, कापायची, ठोकून सपाट करायची, आणि तिला अर्धी चिकटून पुढचं भोक. दिवसाला एक, कधी दोन दिवसांना एक. पाणी भरून बघायचं. गळलं की पुन्हा पहिल्यापासून. सिलिंडर घासून मोठे करावे लागले, पिस्टन मोठे घातले, म्हणून आवाज जाड झाला.

"म्हणजे इंजिन मूळचंच," दामिनी म्हणाली. "ब्लॉकवर ओततानाच उमटलेला साच्याचा नंबरही बरोबर आहे आणि चिरेच्या दोन्ही अंगांचं लोखंड एकच आहे. ज्याला इंजिन विकायचं असतं तो असले टाके घालत बसत नाही."

अंबिका उठून चांदपाशांच्या शेजारी पोत्यावर जाऊन बसली. तिला रडू आलं होतं आणि ती ते लपवतही नव्हती.

दामिनीनं कागद मांडीवर घेतला. जुन्या दुरुस्तीची नोंद तिला करावीच लागणार होती. कधी झाली, कुणी केली, कशामुळं झाली. तिकडं थंड मुलखात पाणी गोठून ब्लॉक फुटतात, लातुरात ते शक्य नाही. इथं एकच कारण संभवतं, म्हणाली, इंजिन कडक तापलेलं असताना गार पाणी ओतणं. "हे कुणी केलं ते सांगता येईल? नाव नाही लिहिलं तरी चालेल, पण मालकाकडून की मिस्त्रीकडून, एवढं लिहावं लागतं."

चांदपाशांनी कुणाकडंही पाहिलं नाही.

"मिस्त्रीकडून, असं लिहा," ते म्हणाले. "माझ्या हातनं झालं."

"लिहा, लिहा," मल्लेश घाईनं म्हणाला. त्याला विषय मिटायला हवा होता. अंबिका मात्र म्हाताऱ्याकडं बघत राहिली. गाडी बिघडून घरातूनच नांदेडला गेली होती, हे तिला पक्कं आठवत होतं. पंधरा वर्षांची होती ती तेव्हा. ट्रकवर चढवताना तिनं स्वतः बघितली होती.

झाकली मूठ झाकलीच राहणार होती. नागप्पांना फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्याचा सराव तर त्यांना दांडगा होता. दाराशी गौरम्मा चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडं बघितलंही नाही, कप मोजत राहिल्या. पण समोर एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस दुसऱ्यांदा तेच ओझं उचलत होता. पहिल्यांदा ते त्याच्यावर लादलं गेलं, या वेळी तो आपणहून उचलत होता. हे नागप्पांच्यानं बघवेना.

"खोडा ते," ते म्हणाले. "पाणी मी ओतलं."

दामिनीचं पेन थांबलं.

"उदगीरहून येताना, नळेगावपाशी. विहिरीचं गार पाणी, घागरभर. आवाजबी ऐकलो मी. घरी येऊन गप बसलो. आन् दिवाळीला मामू माझं नाव घेतील म्हणून मीच आधी बोंबललो, इंजिन विकलं म्हणून. हे सगळं मी केलंय. मालकाकडून लिहा."

"अण्णा, आता कशाला पण?" मल्लेश म्हणाला. अंबिकानं त्याचं मनगट धरलं. मग ती मोठ्या भावाकडं अशी बघू लागली की बाजारातल्या हजार माणसांनी बघितलं असतं तरी नागप्पांना इतकं लागलं नसतं.

नागप्पा चांदपाशांच्या समोर खाली बसले, डाळीच्या भुशात, धोतराची पर्वा न करता. विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"चीर बघूनच कळलं. गार पाण्याची चीर वेगळी असते." चांदपाशांनी काठी बाजूला टेकवली. "सावकारांनाबी माहीत होतं."

"अप्पांना?"

"नांदेडला आले होते. चिरेवर बोट फिरवले. म्हणले, पोराचं लगीन ठरायलंय, चांद, तू बोलू नको. मी म्हणलो, हौ. मग दिवाळीला तुम्ही सगळ्यांपुढं बोललाव. मी सावकारांकडं बघितलो. ते जमिनीकडं बघायलते. मी किल्ली ठेवली न् आलो."

म्हणजे इंजिनावरून मन उडालं म्हणून अप्पांनी गाडी सोडली नव्हती. मुलाची लाज राखण्यासाठी त्यांनी आपला माणूस गमावला, आणि पुढं सोळा वर्षं, मरेपर्यंत, त्या सीटवर बसायला त्यांना तोंड उरलं नाही. दर खंडेनवमीला पाठमोरे बसून गाडी उजळणारे अप्पा नागप्पांना आठवले. त्यांनी चांदपाशांच्या पायांकडं हात नेले.

म्हाताऱ्यानं पाय मागं घेतले.

"मला काय सांगतंव, नागू," ते म्हणाले. त्या घरात नागप्पांना नागू म्हणणारं आता कुणी राहिलं नव्हतं. "मला तर खरं माहीतच होतं. मी कामून झुरू? हे रहमतबीला सांगायला पायजे होतं."

रहमतबी म्हणजे चांदपाशांची बायको, दोन वर्षांमागं गेलेली.

"मोहल्ल्यात कुणाशी भांडण झालं की बाया तिला म्हणायच्या, तुझ्या नवऱ्यानं सावकाराचं इंजिन खाल्लं. घरी येऊन मला विचारायची, सच बोलो, बेचे क्या? मी कसम खायचो. हौ म्हणायची. दोन-चार महिन्यानं पुन्हा विचारायची. सावकारांना जबान दिलेली, तिला खरं काय सांगू? गेली त्या हप्त्यातबी विचारली." चांदपाशांनी डोळे पुसले नाहीत, तसेच बोलत राहिले. "कसम खाल्लो. पण तिला पटलं का न्हाई, ते मला अजून समजलं न्हाई."

चहा निवत होता. मल्लेशचा फोन वाजला, गिऱ्हाइकाचा असावा. त्यानं तो न बघताच बंद केला.

"कुठं ठेवलंय त्यांना?" नागप्पांनी विचारलं.

"आमच्याच मोहल्ल्याच्या मागं. लिंबाखाली."

नागप्पा उठले. धोतराचा भुसा झटकला. गौरम्मानं काही न विचारता ट्रे पोत्यावर ठेवला, खुंटीवरची त्यांची टोपी काढून हातात दिली आणि चपला पुढं सरकवल्या. सुमय्यानं मागचं दार उघडलं. आधी नागप्पांनी म्हाताऱ्याला हात धरून आत बसवलं आणि मग स्वतः त्याच्या शेजारी बसले. नांदेडपर्यंतची वाट लांब होती, आणि तिथं जाऊन नेमकं काय बोलायचं ते त्यांनी आत्तापासूनच ओठांतल्या ओठांत म्हणून बघायला सुरुवात केली.

चांदपाशांनी ते पाहिलं. त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "जरा जोरात बोलावं लागंल. शेवटी शेवटी तिला कमी ऐकू यायचं."